व्हीपीएन वापरताय? या चुका टाळा : सोलापूरच्या घरापासून कारखान्यापर्यंत

कॉलेजच्या पोरांच्या मोबाइलमध्ये व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट एका मधल्या सर्व्हरवरून गुप्तपणे नेणारी सोय, सहज सापडतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ज्या ऑफिसात टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) सगळा डेटा आहे, तिथल्या कॉम्प्युटरला मात्र तो बऱ्याचदा नसतो. खरी गरज तिथेच असते, म्हणून या लेखात कारखान्यावर जास्त लिहिलंय. सुरुवात मोबाइलपासून करू.

व्हीपीएन नसतो तेव्हा तुमची इंटरनेट कंपनी, मग ती मोठी मोबाइल कंपनी असो की गल्लीतला केबलवाला, तुम्ही कोणकोणत्या साइटवर जाता ते पाहू शकते. व्हीपीएन चालू केला की फोनपासून व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंतची सगळी ये-जा एन्क्रिप्ट होते, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात जाते, आणि केबलवाल्याला फक्त तो सर्व्हर दिसतो. त्याला आधी जे दिसायचं, ते आता व्हीपीएन चालवणाऱ्या कंपनीला दिसतं. म्हणून ॲप टाकण्याआधी ते चालवतं कोण, हे बघायला हवं.

फुकटचं ॲप डोळे झाकून टाकणं

ही सगळ्यात घातक चूक. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. १८ टक्के ॲप माहिती एन्क्रिप्टच करत नव्हती आणि ३८ टक्क्यांमध्ये मालवेअरच्या (घातक सॉफ्टवेअरच्या) खुणा सापडल्या. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी विकत घेतली. तिच्या व्हीपीएन ॲपमधून लोक इतर कोणती ॲप किती वापरतात याची माहिती फेसबुककडे जात होती. २०१८ मध्ये ॲपलच्या स्टोअरवरून ते ॲप हटलं. सर्व्हर चालवायला पैसे लागतात. ते तुमच्याकडून घेतले जात नसतील, तर कुठून येतात हे विचारलंच पाहिजे. मोफत वापरायचाच असेल तर जी कंपनी पैसे घेऊनही सेवा देते आणि बाहेरच्या तपासनिसांकडून आपली तपासणी करून घेते, तिचाच मोफत प्लॅन घ्या. ‘आम्ही काहीच नोंद ठेवत नाही’ या वाक्यावर भिस्त ठेवू नका. २०२० मध्ये असा दावा करणाऱ्या काही मोफत ॲपच्या वापरकर्त्यांच्या नोंदी इंटरनेटवर उघड्या सापडल्या होत्या.

आपल्याकडचा नियमही माहीत असू द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) अशी माहिती ५ वर्षं जपावी लागते. त्यानंतर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले आणि भारतीय आयपी बाहेरच्या देशातल्या सर्व्हरवरून द्यायला सुरुवात केली. ॲपमध्ये ‘इंडिया’ निवडूनही वेग कमी वाटतो, त्याचं हे एक कारण असू शकतं.

व्हीपीएन लावला की फसवणूक होणार नाही, हा समज

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा ई-चलान म्हणून आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड ॲप बसवणारी फाइल) तुम्ही टाकलीत, फोनवर कोणाला ओटीपी सांगितलात, तर व्हीपीएन काहीही अडवणार नाही. बँकेच्या साइटवरची माहिती एचटीटीपीएसमुळे (साइटच्या स्वतःच्या सुरक्षित जोडणीमुळे) आधीच एन्क्रिप्ट झालेली असते. तसंच गुगलला लॉगिन असाल तर गुगल तुम्हाला ओळखतंच, आणि लोकेशन चालू असेल तर जुळे सोलापुरात बसलात हे नकाशाच्या ॲपला कळतंच. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

बँकेची ॲप व्हीपीएनमधून चालवणं

यूपीआय किंवा बँकेचं ॲप अडकतं, ‘तुमचं ठिकाण ओळखता येत नाही’ म्हणतं, कधी खातं तात्पुरतं बंद होतं. बँकेला अचानक परदेशातला आयपी दिसला तर तिने संशय घेणं बरोबरच आहे. बरेच जण अशा वेळी व्हीपीएन पूर्ण बंद करतात आणि परत चालू करायला विसरतात. त्याऐवजी ॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्प्लिट टनेलिंग’ (ठरावीक ॲप व्हीपीएनबाहेर ठेवण्याची सोय) शोधा आणि बँक व यूपीआयची ॲप त्यातून वगळा.

सोलापूर स्टेशनवर रेलवायरच्या (रेल्वे स्टेशनवरच्या सार्वजनिक) वायफायला फोन जोडला आणि लॉगिनचं पानच उघडेना, तर आधी व्हीपीएन बंद करा. ओटीपी टाकून लॉगिन होऊ द्या, मग व्हीपीएन चालू करा.

‘कनेक्टेड’ दिसलं म्हणजे झालं असं मानणं

व्हीपीएन बंद असताना आयपी दाखवणारी एखादी साइट उघडा, मग चालू करून तीच साइट परत बघा. आयपी पत्त्यांचे जुना आयपीव्ही४ आणि नवा आयपीव्ही६ असे दोन प्रकार असतात. आयपीव्ही४ बदलला पाहिजे, आणि आयपीव्ही६ बदलला किंवा दिसेनासा झाला पाहिजे. जिओच्या नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास असतो. जुनी किंवा कच्ची ॲप फक्त आयपीव्ही४ सांभाळतात आणि दुसऱ्या वाटेने तुमचा खरा आयपी बाहेर जात राहतो. असं दिसलं तर ॲप बदला.

दर थोड्या वेळाने व्हीपीएन आपोआप तुटत असेल तर बहुतेकदा फोनची बॅटरी बचत त्याला मारत असते. त्या ॲपपुरती ती बंद करा. अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमध्ये ‘ऑलवेज-ऑन’ आणि ‘व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा’ असे दोन पर्याय असतात. दुसरा चालू असेल तर स्प्लिट टनेलिंगमध्ये वगळलेली ॲप बंद पडू शकतात, हे लक्षात ठेवून निवडा. काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात, हा त्रास केबल ब्रॉडबँडवर होतो. तुमचा व्हीपीएन वायरगार्ड या सॉफ्टवेअरवर चालत असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याचा कमाल आकार) १२८० करून बघा.

कारखान्याचा रिमोट डेस्कटॉप उघडा ठेवणं

मालक पुण्याला गेलेत, अकाउंटंट होटगी रोडच्या घरून काम करतोय, मार्चएंड तोंडावर आलाय. घरून टॅली दिसावं म्हणून कॉम्प्युटरवाला रिमोट डेस्कटॉप (दुरून ऑफिसचा कॉम्प्युटर वापरण्याची सोय) चालू करतो आणि त्यासाठी राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून देतो. काम सुरू होतं आणि सगळे खूश होतात. पण तो पोर्ट आता जगातल्या कोणालाही दिसतो. सगळं इंटरनेट धुंडाळणारी सॉफ्टवेअर असे पोर्ट रात्रंदिवस शोधत आणि पासवर्ड लावून बघत असतात. रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) टाकणाऱ्या टोळ्यांची ही आवडती वाट आहे. एखाद्या सकाळी टॉवेलच्या ऑर्डरी, जीएसटीची बिलं, कामगारांचे पगार असा सगळा डेटा कुलूपबंद झालेला दिसतो. पोर्टचा नंबर बदलून काही साधत नाही, तोही सापडतो. इथे व्हीपीएन लावलाच पाहिजे, आणि तो स्वतःचा.

राउटरमधला तो पोर्ट आजच बंद करा. मग ऑफिसच्या राउटरवर किंवा एखाद्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन बसवून घ्या. दोन्ही मोफत आहेत. प्रत्येक माणसाला वेगळी की (जोडणीसाठीची डिजिटल किल्ली) द्या, एकच की सगळ्यांत वाटू नका.

इथे नेहमी येणाऱ्या अडचणी तीन. पहिली, बाहेरून जोडणीच होत नाही. राउटरमधला वॅन आयपी (राउटरला इंटरनेटच्या बाजूने मिळालेला पत्ता) आणि आयपी दाखवणाऱ्या साइटवर दिसणारा आयपी ताडून बघा. वेगळे असतील, किंवा राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल, तर बहुतेकदा इंटरनेट कंपनीने एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागून घ्या, किंवा टेलस्केलसारखी तयार व्हीपीएन सेवा वापरा, तिला स्टॅटिक आयपी लागत नाही.

दुसरी, काल चालत होतं, आज चालत नाही. लाइट जाऊन राउटर परत चालू झाला की आयपी बदलू शकतो. स्टॅटिक आयपी नसेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एक कायमचं नाव देणारी सेवा) लावून घ्या.

तिसरी सगळ्यात चकवणारी. व्हीपीएन जोडलेला दिसतो, पण टॅली उघडत नाही, प्रिंटरही सापडत नाही. घरचा राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देतोय आणि कारखान्याचाही तेच, त्यामुळे लॅपटॉप कारखान्याचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. कारखान्याच्या राउटरवर हे पत्ते बदलून १९२.१६८.४७ सारखे काहीतरी वेगळे करा. प्रिंटर आणि सर्व्हरचे ठरावीक पत्तेही त्याबरोबर बदलावे लागतील, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी काढा.

व्हीपीएन बसवला म्हणून बॅकअप थांबवू नका, त्याची एक प्रत कॉम्प्युटरपासून काढून वेगळी ठेवा. विंडोज अपडेट टाळू नका. आणि अकाउंटंट नोकरी सोडून गेला की त्याची की त्याच दिवशी व्हीपीएनमधून काढून टाका.