पुस्तक दिसतं, पण वाचता येत नाही : शैक्षणिक प्रकाशकांनो, या चुका टाळा

शैक्षणिक प्रकाशकांच्या फाइली अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना वाचता येतील अशा करून देणं हे माझं काम. नवी फाइल आली की ती उघडण्याआधीच आत कोणती चूक असेल हे मला बहुतेक वेळा माहीत असतं. त्याचा राग येतो, कारण या चुकांची किंमत प्रकाशक मोजत नाही, परीक्षा तोंडावर आलेली एखादी मुलगी मोजते. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे. काही चुका एका ओळीत सांगून होतात. दोन चुका मात्र पुस्तकच्या पुस्तक वाया घालवतात, त्यांच्याबद्दल सविस्तर.

"पीडीएफ आहे ना, मग देऊन टाका"

मराठी पुस्तकांच्या बाबतीत याहून मोठी चूक नाही. आपली कितीतरी संदर्भपुस्तकं पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या मानकाच्या) आधीच्या फॉन्टमध्ये लागलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'शिक्षण' दिसतं, पण फाइलमध्ये त्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचा आकार देतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, म्हणजे स्क्रीन रीडरला, आकाराशी देणंघेणं नाही, तो साठवलेलं अक्षर वाचतो. त्यामुळे छापील पुस्तक निर्दोष आणि ऐकताना मात्र पहिल्या ओळीपासून निरर्थक आवाज.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी आलं तर पुढे बोलू, चिन्हांचा ढीग आला तर ती फाइल अंध वाचकासाठी कोरी आहे. युनिकोडमध्ये लावलेल्या पुस्तकाची पीडीएफही धड निघेल याची खात्री नसते. जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, पहिली वेलांटी शेजारच्या व्यंजनाला चिकटते. पीडीएफची घडण छपाईसाठी झालेली आहे, अक्षर पानावर कुठे बसलंय हे ती चोख सांभाळते. वाचनाचा क्रम आणि शब्द सांभाळायचे तर ईपब ३ हा ई-पुस्तकाचा फाइलप्रकार द्या.

यावर ज्याला त्याला सुचणारा उपाय म्हणजे कन्व्हर्टर, जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये फिरवणारं सॉफ्टवेअर. एका प्रकाशकाकडे राज्यशास्त्राचं पदवीच्या वर्गाचं पुस्तक होतं. एका अंध विद्यार्थ्याने त्याची फाइल मागितली आणि प्रकाशकाने ती आनंदाने कबूल केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. काम गेलं नव्याने लागलेल्या डीटीपी ऑपरेटरकडे. त्याने सगळा मजकूर एकदम निवडला, कन्व्हर्टरमध्ये टाकला, पहिलं पान पाहिलं, छान दिसलं, फाइल पाठवून दिली. जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं.

विद्यार्थ्याचा फोन मला आला. "मॅडम, धडा बरा वाचतोय, पण मधेच काहीतरी भलतंच बोलतो. तळटीपा तर एकही कळत नाही." फाइल उघडली तेव्हा उलगडा झाला. पुस्तकातलं मराठी जुन्या फॉन्टमध्ये होतं आणि इंग्रजी अवतरणं, तळटीपांतली लेखकांची आणि ग्रंथांची नावं, अख्खी संदर्भसूची हे सगळं साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये. कन्व्हर्टरला हा फरक कळला नाही. त्याने मूळचं इंग्रजीही जुन्या फॉन्टचं मराठी समजून फिरवलं. अनुच्छेद १९ च्या उपखंडांची कंसातली इंग्रजी अक्षरं मात्रा आणि अर्धी व्यंजनं होऊन बसली होती. भाषणस्वातंत्र्यावरच्या प्रकरणात नेमका उपखंड कोणता हेच कळत नसेल तर विद्यार्थ्याने उत्तरात लिहायचं काय?

मूळ पेजमेकर फाइल मागितली तर ती जुन्या संगणकाबरोबर भंगारात गेलेली. उरली होती छपाईची पीडीएफ. छापील प्रत शेजारी ठेवून तळटीपा आणि संदर्भसूची हाताने टंकाव्या लागल्या. पुस्तक दुरुस्त झालं, पण तोवर त्या मुलाची परीक्षा होऊन गेली होती.

माझी पद्धत सांगते. कन्व्हर्टरला हात लावण्याआधी वर्डमध्ये फॉन्टनुसार शोधून सगळ्या इंग्रजी मजकुराला रंग देते. तो मजकूर बाजूला राहतो, फक्त जुन्या फॉन्टचा भाग फिरतो. मग 'दऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द तपासते, कारण तो ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. 'ॲ'चंही तसंच. दिसायला एक, साठवण दोन, आणि मग वाचकाने पुस्तकात शब्द शोधला की निम्मे सापडतात, निम्मे नाहीत. एक रीत ठरवा आणि पूर्ण पुस्तकात तीच ठेवा.

शेवटी मॉनिटर बंद करून ऐकते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो सुरू केला आणि त्यात मराठी वाचणारा आवाजही मिळतो. पहिलं पान कधीच ऐकत नाही, ते सगळ्यांनी तपासलेलं असतं. मधलं एखादं प्रकरण, भरपूर तळटीपांचं एक पान आणि कोष्टकाचं एक पान. शिकाऊ मंडळी मला सॉफ्टवेअर कोणतं वापरायचं हे पहिल्यांदा विचारतात. मी त्यांना आधी अर्धा तास ऐकायला बसवते. जे त्याला कंटाळतात त्यांनी हे काम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चित्राच्या जागी 'चित्र ४.२'

चित्र बघता न येणाऱ्या वाचकासाठी चित्रामागे जे वर्णन ठेवायचं ते आल्ट टेक्स्ट. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत तिथे बहुतेक वेळा 'चित्र ४.२', 'आलेख' किंवा थेट फाइलचं नाव असतं. तपासणीचं सॉफ्टवेअर ते चालवून घेतं. सुगम पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी संघटनेचं एस हे ईपब तपासणारं साधन उत्तम आहे, मी प्रत्येक ईपब त्यातून काढते, पण वर्णन आहे की नाही एवढंच ते सांगू शकतं, ते खरं आहे का हे नाही. तपासणीत एकही दोष न निघालेलं भूगोलाचं पुस्तक मी पाहिलं आहे, ज्यात प्रत्येक नकाशाचं वर्णन 'नकाशा' एवढंच होतं.

दुसऱ्या टोकाची चूकही तितकीच वाईट. पावसाच्या वितरणाचा नकाशा, आणि वर्णन : 'महाराष्ट्राचा नकाशा. पश्चिमेला गडद निळा रंग, मधे पिवळा, उजवीकडे फिकट निळा. खाली सूची.' रंगांचं करायचं काय? तो नकाशा धड्यात ज्या कारणासाठी आलाय ते लिहा : 'कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस सर्वाधिक. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त, घाट उतरून पूर्वेला वाईपर्यंत येताना तो १००० च्या खाली जातो. मध्य महाराष्ट्रात पर्जन्यछायेचा पट्टा. विदर्भात पूर्वेकडे पाऊस पुन्हा वाढत जातो.' आता हा वाचक प्रश्नाचं उत्तर लिहू शकतो.

हे डीटीपी ऑपरेटरकडून लिहून घेऊ नका. त्याला विषय माहीत नसतो आणि ती त्याची चूक नाही. लेखकाकडून हस्तलिखिताबरोबरच प्रत्येक आकृतीखाली दोन-तीन वाक्यं मागून घ्या. मी लेखकांना एकच सांगते, ही आकृती फोनवरून विद्यार्थ्याला समजावताय असं समजून बोला आणि तेच लिहा. जवळपास सगळ्यांना जमतं. हल्ली एआयकडून वर्णनं काढून तशीच चिकटवलेली दिसतात. मागणी-पुरवठ्याच्या आलेखात कोणती रेषा सरकली हे त्यात उलटं आलेलं मी पाहिलं आहे. चुकीचं वर्णन हे वर्णन नसण्यापेक्षा वाईट, कारण वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतो. शोभेच्या चित्रांचं आल्ट टेक्स्ट मात्र खुशाल रिकामं सोडा.

एका-दोन ओळींत सांगण्यासारख्या

अक्षरं मोठी आणि ठळक केली की शीर्षक तयार होत नाही. शीर्षकाची स्टाइल लावा, नाहीतर वाचकाला चारशे पानं सलग ऐकत प्रकरण शोधावं लागतं.

ईपबमध्ये छापील पानांचे क्रमांक घाला. वर्गात सर "पान १४२ काढा" म्हणतात तेव्हा याही विद्यार्थ्याला ते पान मिळालं पाहिजे.

कोष्टकाचं चित्र नको, कोष्टकच हवं. समीकरणाचा फोटो नको, मॅथएमएल हवं, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येईल असं लिहिलेलं समीकरण.

वेबसाइटच्या साच्यात भाषेची नोंद इंग्रजीच राहून जाते. ती मराठी करा, इंग्रजी उताऱ्यांना तेवढी इंग्रजीची खूण लावा. नाहीतर इंग्रजी आवाज मराठीवर अडखळतो किंवा ती गाळूनच पुढे जातो.

फिकट राखाडी अक्षरं अल्पदृष्टी वाचकाला दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक वेबच्या मानकाप्रमाणे किमान ४.५ ला १ हवा, तो मोजणारी साधनं फुकट मिळतात.

माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटर वापरून तुमच्याच साइटवरून एक पुस्तक विकत घेऊन बघा. कॅप्चापाशी किंवा पैसे भरण्याच्या बटणापाशी अडलात तर अंध ग्राहकही तिथेच अडतो.

चोरी होऊ नये म्हणून ई-पुस्तकाला लावलेलं कुलूप स्क्रीन रीडरलाही बाहेर ठेवतंय का, ते विक्री सुरू करण्याआधी तपासा.

वेबसाइटच्या कोपऱ्यातलं ते गोल चिन्ह

अक्षर मोठं करा, रंग उलटे करा अशी बटणं देणारं एक विजेट वेबसाइटवर बसवलं की साइट सुगम, म्हणजे अपंगांनाही वापरता येणारी झाली, असं सांगून ते विकलं जातं. प्रकाशकाला ते आवडतं, कारण एका ओळीचा कोड टाकून विषय मिटतो. तो मिटत नाही. अंध वाचकाकडे स्वतःचा स्क्रीन रीडर असतोच, त्याला तुमचं विजेट नको, व्यवस्थित नाव दिलेली बटणं हवी असतात. आपलं साधन कोणतीही साइट मानकांनुसार करून देतं, असा दावा करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. मला कोणी या विजेटबद्दल विचारलं तर मी तेच पैसे साइटच्या फॉर्मना लेबलं लावण्यावर घालायला सांगते.

फाइल मागितली की घाबरणं

विद्यार्थी किंवा एखादी संस्था मूळ फाइल मागते आणि प्रकाशक गप्प बसतो, कारण ती बाहेर जाईल अशी भीती. पण २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकांसाठी ना-नफा तत्त्वावर सुगम प्रत करायला प्रकाशकाच्या परवानगीची गरजच उरलेली नाही. अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती करू देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. म्हणजे फाइल दिली नाहीत तरी पुस्तक स्कॅन होणारच, स्वयंसेवक ते रात्री बसून दुरुस्त करणारच, आणि तेच पुस्तक दुसऱ्या शहरात दुसरी संस्था पुन्हा टंकत बसू शकते. तुमच्या कपाटात तयार असलेली फाइल दिली असती तर हे श्रम वाचले असते. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे, तिथे पुस्तक एकदा गेलं की देशभरातल्या सभासद वाचकांना मिळतं.

कौशल्य आपल्याकडे नाही असंही नाही. चेन्नई, पुदुच्चेरी, नोएडा इथल्या कंपन्या परदेशी विद्यापीठांच्या प्रकाशनांसाठी अशी ईपब रोज तयार करतात. युरोपात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकं सुगम असणं कायद्याने बंधनकारक झालं आहे, त्यामुळे त्यांचं काम वाढतच जाईल. मराठी पुस्तकाच्या वाट्याला हे येत नाही, कारण कोणी मागत नाही.

तेव्हा पुढचं पुस्तक डीटीपीला देताना करारात तीन गोष्टी लिहून घ्या : अक्षरजुळणी युनिकोडमध्ये, शीर्षकांना स्टाइल, आणि काम संपल्यावर मूळ फाइल व ईपब दोन्ही प्रकाशकाच्या ताब्यात. वेबसाइटवर एक ईमेल पत्ता द्या, ज्याला माणूस उत्तर देतो आणि ज्याच्याकडे ती फाइल पाठवायचा अधिकार आहे. शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी त्या पत्त्यावर स्वतः एक पत्र टाकून उत्तर किती दिवसांत येतं ते पाहा.