मुंबईहून पाचाडला जाताना माणगाव लवकर ओलांडा

रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला एका दिवसात जाऊन यायचं असेल तर सगळा खेळ माणगावच्या वेळेवर आहे. बाजारपेठ मुंबई-गोवा महामार्गालाच चिकटलेली. दुकानं उघडली, एसट्या-रिक्षा बाहेर पडल्या की रांग लागलीच. म्हणून उजाडायच्या आत शहर सोडा आणि नाश्ता माणगावच्या पुढेच करा. पोरं कुरकुरतील, कुरकुरू द्या.

दक्षिण मुंबईकरांनी ईस्टर्न फ्रीवेने शिवडीला येऊन अटल सेतू धरावा. टोल खिशाला लागतो, पण सायन-पनवेलची कटकट वाचते. वडखळला अलिबागची मंडळी उजवीकडे वळली की जरा हायसं वाटतं.

पेट्रोल आणि टायरची हवा महाडलाच बघून घ्या. तिथून पाचाड साधारण २५ किलोमीटर, पण रस्ता वळणांचा आणि चढाचा. अटल सेतूवर १०० च्या वेगाला सरावलेला पाय इथे आवरावा लागतो. प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, आणि अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. नियमही तोच आहे. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला तर ते तापून धरेनासे होतात. न्यूट्रल तर नकोच, कितीही पेट्रोल वाचेल असं वाटलं तरी.

पावसाळ्यात धुकं असेल तर हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

रविवारी परतीला तीनच्या आत महाड सोडा.