नवऱ्याला मांजराची ॲलर्जी, तरी पिल्लू घरात आणलं

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, खालच्या जिन्यात मांजरीला पिल्लं झाली आणि लेकीने एकासाठी हट्टच धरला, पण ह्यांना मांजर जवळ आलं की सटासट शिंका न डोळे लाल. आधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी हातावर सुईने टेस्ट केली (टेस्टच्या आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर रिझल्ट चुकतो), ॲलर्जी निघाली पण दमा नाही म्हणून करून बघा म्हणाले. दमा असता तर मी नादच सोडला असता.

केसांचा दोष नसतो म्हणे, मांजराच्या लाळेत न कातडीत एक प्रोटीन असतं, ते अंग चाटून वाळलं की हवेत उडत राहतं. म्हणून केस भादरून काही होत नाही. नसबंदी न केलेल्या बोक्यात ते जास्त असतं, आम्ही भाटी घेतली.

पहिला नियम, बेडरूममध्ये मांजर नाही म्हणजे नाही, दार कायम बंद, लेक कितीही रडू दे. झाडू मारला की सगळं परत उडतं, त्यामुळे आता नुसता ओला फडका. हॉलमधला गालिचा सासूबाईंच्या नाकावर टिच्चून गच्चीवरच्या खोलीत टाकला, चादरी गरम पाण्यात. हवा गाळून साफ करणारं हेपा फिल्टरचं मशीन घेतलं, महाग आहे पण फरक पडतो. ब्रश करणं, शी-शूची वाळू बदलणं माझ्याकडे, ह्यांनी हात लावला की लगेच साबणाने धुवायचे.

शिंका अजून येतात, पण गोळी रोज लागत नाही.