प्रो बॉक्सिंगमध्ये उतरण्याआधी

नवीन पोरं हातांना बँडेज गुंडाळायला शिकली की विचारतात, "सर, प्रो कधी व्हायचं?" 5 ऑगस्ट 2017 ला विजेंदर सिंगने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला दहा राउंडनंतर गुणांवर हरवलं, ते यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. त्याचं 2008 चं बीजिंग ऑलिंपिकचं ब्राँझ आणि त्याआधीची अ‍ॅमेच्युअरमधली, म्हणजे हौशी बॉक्सिंगमधली, मेहनत मात्र कुणी विचारत नाही. तो प्रो झाला 2015 मध्ये.

माझं मत विचाराल तर आधी अ‍ॅमेच्युअरमध्ये भरपूर लढा. तिथे तीन मिनिटांचे तीन राउंड असतात, वेगात पंच लावून गुण घेता येतात. शिवाय मेडल आलं तर रेल्वेत किंवा पोलिसात स्पोर्ट्स कोट्याची आशा असते. घरचे निदान सकाळी पळायला जाऊ देतात.

प्रोमध्ये सुरुवात चार राउंडपासून होते, जागतिक टायटलची लढत बारा राउंडची. माझ्या पहिल्या प्रो लढतीत दुसऱ्याच राउंडला उजव्या बरगडीखाली, लिव्हरवर, हुक (वाकवलेल्या हाताचा बाजूने येणारा पंच) बसला. दुखलंय हे कळू नये म्हणून मी हसलो. समोरचा मुरलेला होता. हसू बघूनच त्याने पुन्हा तिथेच मारलं. गुडघे आपोआप वाकतात, डोकं शाबूत असूनही. तेव्हापासून पोरांना पोट आणि कोपर आधी शिकवतो, हेडलाइनवाले पंच नंतर.

रिंगबाहेरचा खेळ त्याहून अवघड. प्रत्येक कार्यक्रमात एका कोपऱ्यात प्रमोटरचा, म्हणजे लढती भरवणाऱ्याचा, वाढवायचा पोरगा असतो, दुसऱ्यात त्याच्याकडून हरायला आणलेला. "चार दिवसांत 63 किलोवर येशील का?" असा फोन आला तर तुम्ही दुसरे, हे समजून घ्या. पैसे निकडीचे असतील तर जा, पण रेकॉर्डवरचा पराभव पुढच्या मानधनातून कापला जातो. करार घरी आणून वाचा: किती वर्षं बांधून घेतलंय, मॅनेजरचा वाटा किती, दुखापतीचा खर्च कोणाचा, ऐनवेळी प्रतिस्पर्धी आलाच नाही तर काय मिळणार. एका आयोजकाने मानधनाऐवजी माझ्या हातात तिकिटांचा गठ्ठा ठेवला होता. अर्धी तिकिटं चाळीतल्यांनी घेतली, उधारीवर.

टायटलचा पट्टा बघून हुरळू नका. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या प्रो बॉक्सिंगच्या चार मोठ्या संघटना. त्यांच्या जागतिक पट्ट्यांखाली प्रादेशिक पट्ट्यांची रांग आहे. वरळीतला विजेंदरचा विजयही डब्ल्यूबीओच्या प्रादेशिक टायटल्सचाच. कोणता पट्टा पुढच्या मानांकनाला उपयोगी, हे कोचला आधी विचारा.

मुंबईच्या दमटपणात प्लॅस्टिकचा सूट चढवून वजन उतरवू नका. पावसाळ्यात ग्लोव्ह्जमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, नाहीतर बुरशी धरते आणि लोकलमध्ये शेजारचा उठून जातो. लढतीनंतर उलटी झाली किंवा डोकं ठणकत राहिलं, तर एकट्याने ट्रेन पकडायची नाही. कोचला सोबत घेऊन थेट हॉस्पिटल. जिंकला असलात तरी.