मुलाला स्टिरॉइड चालू आहे? हृदयाच्या बाबतीत या चुका टाळा

स्टिरॉइड म्हटलं की फुगलेले गाल, सतत भूक आणि चिडचिड एवढंच पालकांना आठवतं. हृदयाचा विचार कोणी करत नाही, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तो करावाही लागत नाही. दम्यासाठी चार-पाच दिवस प्रेडनिसोलोन घेणाऱ्या मुलाच्या आईबाबांनी हे वाचून झोप घालवू नये. प्रश्न येतो तो शिरेतून दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसचा आणि आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या कोर्सचा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नाडी जलद झाली तरच लक्ष द्यायचं. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या पल्स थेरपीत (म्हणजे शिरेतून दिलेल्या मोठ्या डोसांत) वजनाच्या किलोमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत, जास्तीत जास्त 1 ग्रॅम, असा डोस रोज दिला जातो. त्यात काही मुलांची नाडी उलट मंदावते. रात्री मूल गाढ झोपलेलं असतं, मॉनिटरवर आकडा 50 च्या घरात येतो, अलार्म वाजतो आणि कोणीतरी 'प्रोब सैल झाला असेल' म्हणून तो बंद करतं. असं करू नका. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, मुलाला हलवून जागं करा, पुन्हा मोजा. जागं झाल्यावर नाडी वाढली आणि मूल नीट बोलतंय, तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. कोर्स संपल्यावर काही दिवसांत ती आपोआप पूर्ववत होते. पण घेरी, फिकटपणा, थंड पडलेले हातपाय किंवा उतरलेलं बीपी दिसलं, तर डॉक्टरांना लगेच बोलवा. ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तेव्हाच बघायला हवं.

स्टिरॉइडचं सलाईन लवकर संपावं म्हणून वेग वाढवणं ही दुसरी चूक. अर्ध्या ग्रॅमपेक्षा मोठा डोस दहा मिनिटांच्या आत दिल्यावर हृदयाचे ठोके बिघडल्याच्या, क्वचित हृदय थांबल्याच्याही नोंदी आहेत. मात्र सावकाश दिलं तरी नाडी मंदावू शकते, म्हणून मॉनिटर काढून ठेवू नये. पोटॅशियमही विसरू नका. स्टिरॉइड, सूज उतरवायचं फ्युरोसेमाइड आणि दम्याचं साल्ब्युटामोल ही तिन्ही ते खाली खेचतात.

तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी. झटक्यांसाठी मोठ्या डोसचं स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हृदयाचा स्नायू कधी कधी जाड होतो. औषध थांबल्यावर तो बहुधा पूर्ववत होतो. दूध पिताना दमणं, कपाळावर घाम, भराभर श्वास या गोष्टी 'स्टिरॉइडची किरकिर' म्हणून सोडून देऊ नका. इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. बीपीही नियमित मोजून घ्या. दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा (कफ) फार लहान असला किंवा बाळ रडत असलं की आकडा खोटाच मोठा येतो.

आणि हे सगळं वाचून, भीतीपोटी गोळी परस्पर बंद करणं ही मला सगळ्यात धोक्याची चूक वाटते. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ औषध चालू असेल, तर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं. औषध एकदम तुटलं तर बीपी कोसळू शकतं. मूल उलट्या करून डोस बाहेर टाकत असेल, तरी परिणाम तोच. दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.