पॅरामेट्रिक की नॉन-पॅरामेट्रिक: चाचणी कशी निवडावी

सर्वप्रथम प्रश्न एका वाक्यात लिहावा. दोन गटांच्या सरासरीतील फरक किती, हे हवे आहे, की एका गटातील किमती दुसऱ्यापेक्षा सहसा मोठ्या असतात का, एवढेच पाहायचे आहे? पहिल्यासाठी टी-चाचणी; ती पॅरामेट्रिक, म्हणजे वितरण प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे) मानणारी. दुसऱ्यासाठी मान-व्हिटनी; ती नॉन-पॅरामेट्रिक, म्हणजे तसे काही न मानता किमतींच्या क्रमांवर चालणारी.

मग मोजमापाचा प्रकार पाहावा. ‘असमाधानी’पासून ‘समाधानी’पर्यंतची क्रमवार उत्तरे असतील, तर नॉन-पॅरामेट्रिक चाचणी घ्यावी. वजन किंवा वेळ असेल, तर दोन्ही वाटा खुल्या राहतात.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती मलाही बराच काळ छळत होती. वितरण प्रसामान्य आहे का, हे तपासणारी शापिरो-विल्क चाचणी लावावी, पी-मूल्य (गृहीतक खरे असतानाही इतका टोकाचा निकाल योगायोगाने मिळण्याची शक्यता) 0.05 पेक्षा कमी आले तर नॉन-पॅरामेट्रिककडे वळावे, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये. नमुना लहान असताना ही चाचणी ठळक विषमताही सहज नजरेआड करते, आणि हजारो नोंदी असल्या की टी-चाचणीला काडीचाही धक्का न लावणारे किरकोळ विचलनसुद्धा पकडते. म्हणजे जिथे तिची गरज असते, तिथेच ती कुचकामी ठरते. शिवाय प्रसामान्यतेची अट गटागटातील अवशेषांना, म्हणजे प्रत्येक किंमत वजा तिच्या गटाची सरासरी यांना लागू होते. दोन्ही गट एकत्र करून आलेख काढला, तर केवळ सरासऱ्या दूर असल्यामुळे दोन उंचवटे दिसतात आणि माणूस विनाकारण घाबरतो. म्हणून अवशेषांचा आलेख डोळ्यांनी पाहावा आणि चाचणी शक्यतो माहिती गोळा करण्यापूर्वीच ठरवावी.

टोकाच्या किमतींचा धोका असेल, तर क्रमांवर आधारित चाचणी बरी. 4, 5, 6, 7, 58 यांतील 58 चा क्रम पाचवा. त्याजागी 8 असता, तरी पाचवाच. वितरण खरोखर प्रसामान्य असले, तरी मोठ्या नमुन्यात मान-व्हिटनीची कार्यक्षमता टी-चाचणीच्या सुमारे 95.5 टक्के राहते, त्यामुळे ‘ती दुबळी आहे’ ही ओरड बहुतेक वेळा पोकळ असते.

मात्र नमुना लहान म्हणून डोळे झाकून नॉन-पॅरामेट्रिक निवडू नये. प्रत्येक गटात तीनच नोंदी असतील, तर सहा क्रमांच्या वाटणीचे 20 प्रकार होतात. गट पूर्णपणे वेगळे निघाले, तरी दुपुच्छी (दोन्ही दिशांचा फरक धरणारे) पी-मूल्य 2/20, म्हणजे 0.10 च्या खाली जाऊच शकत नाही. अशा वेळी 0.05 च्या पातळीवर सार्थक निकाल मिळणे अशक्यच असते.

आकडेमोड सॉफ्टवेअर करते. गटांचे प्रसरण (किमतींचा विखुरलेपणा) समान असल्याची खात्री नसेल, तर टी-चाचणीचे वेल्च रूप घ्यावे. मान-व्हिटनीचा निकाल ‘मध्यकांतील फरक’ म्हणून लिहिण्यापूर्वी दोन्ही वितरणांचा आकार सारखा आहे का, हे पाहावे. तसा नसेल, तर ते विधान करू नये.