दशांश शिकवायचेत? मग सुरुवात पैशांपासून नको

पाचवीच्या पुस्तकात दशांश अपूर्णांकांचा धडा आला की घरोघरी एकच युक्ती निघते, रुपये आणि पैसे. "साडेबारा रुपये म्हणजे बारा पॉइंट पन्नास. बघ, किती सोपं!" मुलाला पटतं, दोन-चार बेरजा बरोबर येतात, आईबाबा निश्चिंत होतात. थोड्या दिवसांनी त्याच मुलाला विचारा, ०.३५ मोठे की ०.८? पुष्कळ मुलं बेधडक ०.३५ सांगतात. का, तर पस्तीस आठापेक्षा जास्त!

याला पैशांचं उदाहरणच जबाबदार आहे. रुपये-पैशांत टिंबाच्या डावीकडे एक पूर्ण संख्या दिसते, उजवीकडे दुसरी पूर्ण संख्या, आणि टिंब म्हणजे मधली भिंत. शिवाय आजच्या दहा वर्षांच्या मुलाने पैसा पाहिलाय कुठे? २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून बाद झाली. आठ आणे कायद्याने अजून चालतात, पण बाजारात कोणी घेत नाही. जे हातात कधी आलंच नाही त्याच्या आधाराने नवी गोष्ट कशी शिकवणार?

मुलाला कळायला हवं ते एवढंच: शतकाकडून दशकाकडे, दशकाकडून एककाकडे येताना प्रत्येक घराला किंमत दहावा हिस्सा होते, आणि एककापाशी हे थांबत नाही. एककाचा दहावा हिस्सा दशांश, दशांशाचा दहावा हिस्सा शतांश. टिंबाचं काम एककाचं घर कुठलं ते दाखवण्यापुरतं. हे हाताला कळावं म्हणून मोजपट्टी, आलेख कागद आणि वजनकाटा घ्यायचा. पैसे सगळ्यात शेवटी.

आधी दोन प्रश्न

शिकवायला बसण्यापूर्वी मूल कुठे अडलंय ते बघा. कागदावर दोन जोड्या लिहा: ०.८ आणि ०.३५, मग ०.४ आणि ०.७३. दोन्हींत मोठी संख्या कोणती ते विचारा आणि "का?" हे नक्की विचारा.

पहिली चुकली, दुसरी बरोबर आली, तर मूल टिंबाच्या पुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतंय. पहिली बरोबर आली, दुसरी चुकली, तर भानगड वेगळी आहे. "शतांश लहान असतात, म्हणून दोन अंकी दशांश लहानच" असा नियम त्याने मनाशी बांधलाय. ही दुसरी चूक घरी सहसा पकडली जात नाही, कारण निम्मी उत्तरं बरोबर येत राहतात. दोन्ही चुकांवर औषध एकच आहे, पण कुठली आहे ते माहीत असलेलं बरं.

मोजपट्टी आणि द्राक्षं

तीस सेंटिमीटरची पट्टी घ्या. एका सेंटिमीटरचे दहा भाग मुलाला बोटाने मोजू द्या. एक भाग म्हणजे ०.१ सेंटिमीटर. पेन्सिल, खोडरबर, शेंगदाणा, काहीही मोजा, आणि प्रत्येक माप दोन तऱ्हेने बोलून घ्या: "चार सेंटिमीटर सात मिलिमीटर" आणि "चार पॉइंट सात सेंटिमीटर".

जानेवारी ते एप्रिलच्या मधे असाल तर नाशिककराला याहून चांगलं साहित्य घरातच मिळेल. द्राक्षबागेत मण्याची जाडी मिलिमीटरमध्येच बोलली जाते, "सोळा एमएम झाला", "अठरा एमएम झाला". पट्टीवर दोन काडेपेट्या उभ्या करून त्यांच्यात मणी धरला की जाडी नीट मोजता येते. अठरा मिलिमीटर म्हणजे १.८ सेंटिमीटर.

आता खरी गंमत. दहा मणी पट्टीला लावून एका ओळीत, एकमेकांना चिकटवून ठेवा. समजा ओळ १८.४ सेंटिमीटर भरली. मग सरासरी एक मणी केवढा? दहाने भागायचं, म्हणजे प्रत्येक अंक एक घर उजवीकडे: १.८४. पट्टीवर मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नाही, तरी आपल्याला त्याच्या पुढचं घर सापडलं. शतांशाची ओळख अशी गरजेतून झाली तर ती टिकते. हंगाम नसेल तर वाटाणे किंवा बोरं घ्या. आणि मोजून झालेला माल खायची परवानगी आधीच देऊन टाका, नाहीतर लक्ष तिकडेच राहतं.

इथेच वाचायची सवयही लावून घ्या. १.८४ हे "एक पॉइंट आठ चार" असं वाचायचं, "एक पॉइंट चौऱ्याऐंशी" असं नाही. "एक पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांश" म्हटलं तर हरकत नाही, कारण त्यात शतांश हा शब्द आहे. नुसतं "पॉइंट चौऱ्याऐंशी" मात्र घरातल्या मोठ्यांनीही बंद करावं.

शंभर घरांचा चौकोन

आलेख कागदावर दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन आखा. हा पूर्ण एक. एक उभी पट्टी ०.१, एक सेंटिमीटरचं एक घर ०.०१. ०.८ रंगवायला सांगा, आठ पट्ट्या भरतील. शेजारच्या चौकोनात ०.३५ रंगवा, तीन पट्ट्या आणि वर पाच घरं. मघाशी ०.३५ ला मोठं म्हणणारं मूल इथे स्वतःच हसतं. तुम्ही काही बोलू नका.

मग ०.३ आणि ०.३० दोन्ही रंगवून घ्या. शेवटी शून्य लागलं तरी जागा तेवढीच. पण ०.०३ रंगवलं की फक्त तीन घरं भरतात. कुठलं शून्य बिनकामाचं आणि कुठलं घर राखून बसलंय, हा फरक चित्रात एकदा दिसला की पुन्हा समजवावा लागत नाही. या पायरीवर घाई करू नका. पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

बेरीज-वजाबाकी: बाजाराची पिशवी

गोदाघाटावर बुधवारी बाजार भरतो. तिथे किंवा तुमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे आता इलेक्ट्रॉनिक काटा असतो आणि त्यावर तीन दशांश स्थळं दिसतात. पाव किलो मिरची म्हणजे ०.२५०. मुलाला वही-पेन्सिल घेऊन सोबत न्या आणि काट्यावरचा आकडा जसाच्या तसा टिपायला सांगा. समजा टोमॅटो १.४८५, गवार ०.७५० आणि कांदे बरोबर दोन किलो. पिशवी किती किलोची?

मांडण्याआधी अंदाज: दीड, पाऊण आणि दोन, म्हणजे सव्वाचार किलोच्या आसपास. मग मांडणी. मूल बहुधा कांद्याचे २ अगदी उजव्या टोकाला, ५ च्या खाली लिहील, कारण आजवर बेरजेत उजवी कडा जुळवायची सवय आहे. आता एककाखाली एकक येतो, दशांशाखाली दशांश, आणि त्यासाठी टिंबाखाली टिंब. २ ला टिंब दिसत नसलं तरी ते त्याच्या उजवीकडेच आहे, म्हणून २.००० लिहायचे. उत्तर ४.२३५. अंदाजाशी जुळलं.

वजाबाकीत पाच किलोच्या गोणीतून १.४८५ किलो कांदे काढले तर किती उरले? ५.००० मधून १.४८५ वजा. "एक दशक सुटा केला की दहा एकक" हे दुसरी-तिसरीपासून पाठ असतं. तेच इथे: एक एकक सुटा केला की दहा दशांश, एक दशांश सुटा केला की दहा शतांश. उत्तर ३.५१५. नवा नियम एकही नाही, हे मुलाला सांगा. त्याला बरं वाटतं.

अंदाजाबद्दल थोडं आणखी. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द तयार आहेत, आणि जुन्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ असायची. ते पाढे परत आणा असं मी म्हणत नाही. पण ०.२५, ०.५, ०.७५, १.२५, १.५ एवढ्या संख्या या शब्दांशी मुलाच्या मनात बांधल्या गेल्या तर कुठल्याही दशांश गणिताचं उत्तर साधारण कुठे येणार ते त्याला आधीच कळतं. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांच्याकडे सोपवा.

गुणाकार

पहिला अडथळा मनातला आहे, "गुणलं की वाढतं". टोमॅटो ३२ रुपये किलो धरा. दीड किलोचे १.५ × ३२ = ४८. पाऊण किलोचे ०.७५ × ३२ = २४. गुणाकार केला आणि संख्या घटली! यावर थोडं थांबा. एकापेक्षा कमी हिस्सा घेतला तर दाम कमीच होणार, हे मुलाच्या तोंडून यायला हवं. मग शंभर घरांच्या चौकोनावर तीन पट्ट्या रुंद आणि चार ओळी उंच भाग रंगवा: बारा घरं, म्हणून ०.३ × ०.४ = ०.१२. "दशांश स्थळं मोजून टिंब द्या" हा पुस्तकातला नियम इथून निघतो. तो सांगताना एक सावधगिरी ठेवा. २.४ × ०.१५ मध्ये २४ × १५ = ३६०, आणि तीन स्थळं मोजून ०.३६०. शेवटचं शून्य आधी खोडलं तर टिंब चुकतं. टिंब आधी, खोडाखोड नंतर.

दहा-शंभरच्या गुणाकार-भागाकारासाठी वर्तमानपत्र उघडा. लासलगावचा कांद्याचा भाव क्विंटलचा असतो आणि क्विंटल म्हणजे शंभर किलो. समजा भाव २,३७५ रुपये आहे. किलोला किती? अंक दोन घरं उजवीकडे सरकवा: २३.७५. रोज सकाळी मुलाला हा हिशेब करू द्या आणि घरी आणलेल्या कांद्याच्या भावाशी ताडून बघू द्या. मधल्या फरकावरून जे प्रश्न येतील त्यांची तयारी ठेवा, ते गणितापेक्षा अवघड असतात. उलट जाताना, २३.७५ × १० विचारलं की काही मुलं २३.७५० लिहितात, कारण "दहाने गुणलं की शून्य लावायचं" असं चौथीपर्यंत ऐकलेलं असतं. तो नियम आता सोडून द्यायला लावा. अंक डावीकडे सरकतात, २३७.५ होतात.

भागाकार

पूर्ण संख्येने भागणं सोपं: ७.२ ÷ ३, टिंबावर टिंब ठेवून नेहमीचा भागाकार, २.४. दशांशाने भागताना मुलं बिचकतात. त्यांना प्रश्न असा विचारा: सहा लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या किती? बारा. म्हणजे ६ ÷ ०.५ = १२. आणि ४.८ ÷ ०.६? ४.८ सेंटिमीटरच्या दोऱ्याचे ०.६ सेंटिमीटरचे तुकडे. दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये करा: ४८ ÷ ६ = ८. "दोन्हींना दहाने गुणा" याचा अर्थ एवढाच.

आता काढा पैसे

पट्टी आणि काटा पक्के झाल्यावर पैशांचा उपयोग होतो, तोही आजोबांच्या मदतीने. १ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान नाणी सुरू झाली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. मुलाला जुनी बेरीज घाला: दोन रुपये तेरा आणे अधिक एक रुपया नऊ आणे. तेरा आणि नऊ बावीस, त्यातून सोळा काढून रुपया केला, सहा आणे उरले, एकूण चार रुपये सहा आणे. सोळाचा हातचा घेताना होणारी दमछाक अनुभवली की दहा-दहाच्या घरांची सोय आपोआप पटते. बारा आणे म्हणजे ०.७५ रुपया, हेही त्यात येऊन जातं.

एक सापळा मात्र सांगून ठेवा. क्रिकेटमध्ये १९.५ षटकांनंतर एक चेंडू पडला की २० होतात, १९.६ नाही. तिथलं टिंब दशांश नाही, पुढचा अंक सहाच्या हिशेबाने चालतो. घड्याळाचं १.३० हेही तसंच, ते दीड आहे. मुलाला ही दोन उदाहरणं स्वतः ओळखू द्या, मजा येते.

सरावासाठी कापरेकरांचा खेळ

वजाबाकीचा सराव कंटाळवाणा होतो. त्यावर नाशिकचाच उपाय आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा एक चमत्कारिक गुण शोधला. आपण तो टिंब देऊन खेळू. कुठलीही रक्कम घ्या, समजा ३५.२४ रुपये. तिच्या चार अंकांची मोठ्यात मोठी रक्कम करा आणि लहानात लहान तीतून वजा करा:

५४.३२ − २३.४५ = ३०.८७
८७.३० − ०३.७८ = ८३.५२
८५.३२ − २३.५८ = ६१.७४

पुढे ७६.४१ मधून १४.६७ वजा केले तरी ६१.७४ च. दुसरी रक्कम घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोचाल. न पोचलात तर कुठेतरी हातचा चुकलाय, म्हणजे उत्तर तपासायलाही मोठं माणूस लागत नाही. चारही अंक सारखे मात्र नकोत, ७७.७७ घेतले की शून्य उरतं. आणि उत्तराच्या सुरुवातीला शून्य आलं तर ते सोडायचं नाही: २१.११ − ११.१२ = ०९.९९ आले की पुढची पायरी ९९.९० − ०९.९९. ते शून्य टाकून दिलं तर हाती तीन नऊ राहतात, आणि खेळ तिथेच बसतो.